कालप्रवासाच्या रहस्यकादंबऱ्या: मुलांचे, पालकांचे आणि गुरुजींचे नेहमीचे प्रश्न

लातूर, परभणी, बीडकडच्या शाळांत आणि वाचनालयांत मुलांशी पुस्तकांवर गप्पा मारायला माझं जाणं होतं. भुताच्या गोष्टींनंतर सगळ्यात जास्त मागणी असते ती काळात मागं-पुढं जाणाऱ्या रहस्यकथांना, आणि प्रश्नांचा भडिमारही त्यांवरच होतो. बरेचसे प्रश्न तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. लिहिताना डोळ्यांसमोर आठवी-नववीतली मुलं आहेत. मोठ्यांनी वाचलं तरी हरकत नाही.

कालप्रवासाची रहस्यकादंबरी म्हणजे नेमकं काय?

दोन काळ आहेत, एक कोडं आहे, आणि दोन्ही काळांत पाय ठेवल्याशिवाय ते कोडं सुटत नाही, अशी कादंबरी. शेवटची अट महत्त्वाची. नायिका यंत्रात बसून यादवांच्या देवगिरीत गेली, हत्ती-घोडे बघितले आणि घरी आली, तर ती सहल झाली. पण आजच्या वाड्यातला एक दरवाजा आतून बुजवलेला आहे, तो कुणी बुजवला हे शोधायला तिला मागं जावं लागलं, आणि तिथं जे दिसलं त्याचा अर्थ मात्र परत आल्यावरच लागला, तर ते रहस्य.

मागं जाता येत असेल तर रहस्य उरतंच कुठं? गुन्हा घडताना जाऊन बघायचं की!

हा प्रश्न विचारणारा पोरगा किंवा पोरगी पुढं चांगली वाचक होणार, हे मी लिहून देतो. या प्रकारातल्या निम्म्या पुस्तकांना याचं उत्तरच सापडलेलं नसतं, आणि म्हणून ती फसतात.

उत्तराचा पहिला भाग सोपा आहे: प्रवासाला बंधन हवं. हव्या त्या दिवशी हव्या त्या ठिकाणी उतरता आलं की लेखकाच्या हातात काही राहत नाही. म्हणून चांगल्या कादंबरीत नियम कडक असतात. फक्त अमावस्येला जाता येतं, किंवा फक्त एकाच बारवेतून, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीतून, किंवा घटका-दोन घटकाच थांबता येतं, किंवा साल आपल्या हातात नसतं. हे नियम पहिल्या चार-पाच प्रकरणांत वाचकाला कळले पाहिजेत आणि नंतर लेखकानं ते मोडता कामा नयेत. शेवटून दुसऱ्या प्रकरणात एकदम "अरे, या यंत्राला आणखी एक कळ आहे" असं निघालं तर पुस्तक मिटून वाचनालयात परत द्यावं. ती फसवणूक आहे.

दुसरा भाग मला जास्त आवडतो. समजा तिनं मागं जाऊन सगळं बघितलं. १९४६ साली वाड्यातल्या दिवाणजीनं जमिनीचा कागद लपवला, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं. पुढं काय? उद्या तहसील कचेरीत जाऊन ती म्हणाली, "साहेब, मी तिथंच होते," तर तिथला कारकून तिला बसायला खुर्ची देईल, प्यायला पाणी देईल आणि हळूच घरी फोन लावेल. भूतकाळात गेल्यावर कळतं ते कुणी केलं. ते सिद्ध करायचं असेल तर दिवाणजीचा हात कुठल्या कोनाड्यापर्यंत गेला हे ध्यानात ठेवून, तो कोनाडा आज कुणाच्या घरात, कुठल्या गिलाव्याखाली गेलाय, हे शोधत फिरावं लागतं. मागं जाणारा साक्षीदार होतो. पुरावा मात्र सगळी वर्षं सोसून इथपर्यंत आलेल्या वस्तूतूनच मिळतो. माझ्या मते या प्रकाराचा सगळा जीव या एका गोष्टीत आहे, आणि खाली पुन्हा पुन्हा तिच्याशीच येणं होणार आहे.

मी मागं जाऊन आजोबांचं लग्नच मोडलं तर? मग मी जन्मलोच नाही, मग मोडलं कुणी?

या घोळातून लेखक तीन वाटांनी बाहेर पडतात. काही म्हणतात, घडलं ते घडलं, तुम्ही काही केलंत तरी ते आधीच इतिहासात धरलेलं आहे. काही म्हणतात, बदल केला की त्या क्षणापासून वेगळं जग फुटतं, जुनं जग आपल्या जागी तसंच राहतं. आणि काही सरळ बदलू देतात, पण त्याची किंमत वसूल करतात.

रहस्यासाठी पहिली वाट सगळ्यात चांगली. उदाहरण देतो. आपल्याकडं पूर्वी धान्य पेवात ठेवत, म्हणजे जमिनीखालच्या खोल खड्ड्यात. बंद पेवात वाईट हवा कोंडते आणि तोंड उघडून लगेच उतरणारा माणूस आतच गुदमरतो. म्हणून जाणती माणसं पेव उघडं टाकून ठेवायची, आधी दिवा सोडून बघायची, आणि दिवा विझला तर कुणाला उतरू द्यायची नाहीत. आता एका घराण्यात अशी गोष्ट चालत आलेली आहे की पणजोबा तरुणपणी पेवात उतरणार होते, तेवढ्यात एका अनोळखी मुलीनं "उतरू नका" म्हणून हाक मारली आणि ते वाचले. ती मुलगी कोण, हे घरात कुणालाच माहीत नाही. कुणी म्हणतं देवी होती, कुणी म्हणतं भास. नायिकेला ही गोष्ट पहिल्या पानापासून पाठ आहे. शेवटाकडं ती चुकून त्या पेवाच्या तोंडाशी पोचते, खाली दिवा विझताना दिसतो आणि तिच्या तोंडून हाक निघते. इतिहास तसूभर बदलला नाही, तरी वाचकाच्या अंगावर काटा येतो.

एक खोच मात्र जपावी लागते. आजीनं नातीला किल्ली दिली, नातीनं मागं जाऊन तीच किल्ली लहानपणच्या आजीला दिली. मग ती घडवली कोणत्या लोहारानं? वर, प्रत्येक फेरीत ती थोडी झिजणार, म्हणजे ती तीच किल्ली राहणार नाही. परभणीकडच्या एका सातवीतल्या मुलानं ही झिजेची शंका मला विचारली होती. छापलेल्या कित्येक पुस्तकांत ती कुणाच्या लक्षात आलेली नसते.

हे विज्ञानात बसतं का?

पुढं जाणं बसतं. वेगानं फिरणाऱ्याचा काळ हळू चालतो. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात सहा महिने राहून आलेला अंतराळवीर आपल्यापेक्षा साधारण सेकंदाचा दोनशेवा भाग कमी जगलेला असतो. हे हास्यास्पद वाटेल, पण आपल्या मोबाईलमधला नकाशा याच हिशेबावर चालतो. जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळं वेगामुळं थोडी मागं पडतात, पण तिथं गुरुत्वाकर्षण कमी असल्यानं त्याहून जास्त पुढं जातात, आणि दोन्ही मिळून पृथ्वीवरच्या घड्याळांपेक्षा रोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढं राहतात. ते दुरुस्त केलं नाही तर एका दिवसात ठिकाण दहा किलोमीटरच्या आसपास चुकेल.

मागं जाण्याचं तसं नाही. कुर्ट गोडेल या गणितज्ञानं १९४९ साली आईन्स्टाईनच्याच समीकरणांतून, मागं जाणारी वाट असलेलं एक फिरतं विश्व मांडून दाखवलं, पण आपलं विश्व तसं दिसत नाही. स्टीफन हॉकिंग यांनी २८ जून २००९ ला कालप्रवाशांसाठी मेजवानी ठेवली आणि निमंत्रणं मेजवानी झाल्यावर जाहीर केली. कुणी आलं नाही. मुलांना हा किस्सा सांगितला की एक जण तरी म्हणतोच, "सर, आले असतील, पण ओळख दिली नसेल." तिथंच कादंबरी सुरू होते.

म्हणजे ही सगळी पाश्चात्त्यांची कल्पना?

छे. भागवतात ककुद्मी राजाची गोष्ट आहे. मुलीसाठी, रेवतीसाठी, वर कोणता बघावा हे विचारायला तो तिला घेऊन ब्रह्मलोकी गेला. तिथं गाणं चाललं होतं म्हणून थोडा थांबला. गाणं संपल्यावर विचारलं तर ब्रह्मदेव हसले: तू मनात धरलेली स्थळं केव्हाच गेली, पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगं उलटली. शेवटी रेवतीचं लग्न बलरामाशी झालं. एवढ्या युगांनंतर खाली उतरलेल्या त्या मुलीला काय वाटलं असेल, तिला कुणाची भाषा कळली असेल, यावर किशोरांसाठी उत्तम कादंबरी होऊ शकते.

मराठीत वाचायला काय आहे?

या नेमक्या प्रकारात फार नाही, हे खरं. सुरुवात डॉ. जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेपासून करावी. ती कादंबरी नाही, रहस्यकथा म्हणूनही लिहिलेली नाही, पण इतिहासाचे एक प्राध्यापक अशा जगात जाऊन पडतात जिथं पानिपत मराठ्यांनी जिंकलेलं आहे, आणि नेमकं काय वेगळं घडलं हे ते वाचनालयात बसून गुप्तहेरासारखं शोधतात. वाचताना त्यांच्या खिशावर लक्ष ठेवा, एवढंच सांगतो. उदगीरच्या मुलांना या कथेचं जास्त अप्रूप वाटतं, कारण पानिपतावर गेलेले सदाशिवरावभाऊ त्याच्या आदल्याच वर्षी, १७६० च्या फेब्रुवारीत, उदगीरला निजामाला हरवून पुढं गेले होते.

बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचायला आहेत. त्यांत विज्ञानकथाही आहेत आणि रहस्यकथाही. दोन्ही वाचून आपलं आपण जोडायचं.

मराठवाड्यातच अशी कथा का घडावी? पुण्या-मुंबईत का नाही?

तिथंही घडावी, कुणी नको म्हटलंय? पण कालप्रवासाला दोन्ही काळांत टिकून असलेली जागा लागते, आणि आपल्याकडं अशा जागा गावोगाव पडून आहेत. परभणी जिल्ह्यातल्या वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव घ्या. गोल गोल उतरत जाताना आपण कितव्या फेऱ्यात आहोत ते चुकतंच. दौलताबादच्या किल्ल्यातली अंधारी घ्या, म्हणजे काळोखी भुयारी वाट, शत्रूला चकवायलाच केलेली. छत्रपती संभाजीनगर जेव्हा खडकी होतं तेव्हा मलिक अंबरनं जमिनीखालून पाणी आणलं, ती नहर घ्या. बारव, अंधारी, नहर, तिन्हींत एका टोकानं आत गेलेला माणूस दुसरीकडं कुठं निघेल याची खात्री नसते.

पण माझी आवडती जागा नळदुर्गचा किल्ला. बोरी नदीवर बांध आहे आणि त्या बांधाच्या पोटातच पाणीमहाल. आदिलशाहीतलं, सतराव्या शतकाच्या सुरुवातीचं काम. पावसाळ्यात नदी भरली की नर आणि मादी हे दोन धबधबे कोसळतात, आणि आत कोरड्या दालनात उभं राहून समोरून पडणारं पाणी बघता येतं. आता गुन्ह्याच्या दृष्टीनं बघा. धबधबा चालू असताना आतली हाक बाहेर पोचायची नाही. म्हणजे जुन्या जबानीत एखादा पहारेकरी म्हणत असेल की भर पावसात, नर-मादी कोसळत असताना, त्यानं तटावरून पाणीमहालातली किंकाळी ऐकली, तर तो खोटं बोलतोय. हे कळायला नायकाला मागं जावं लागत नाही, श्रावणात एकदा नळदुर्गला जाऊन मित्राला आत ओरडायला लावलं की झालं. मागं जावं लागतं ते तो खोटं का बोलला हे समजायला.

तारखांचं काय? जुन्या कागदांवरची सालं कळतच नाहीत.

तीच तर मजा आहे! आपल्या भागातल्या रहस्यकथेला हे आयतं घबाड मिळालंय आणि ते फारसं कुणी वापरत नाही.

समजा, पडक्या वाड्याचं बळद, म्हणजे भिंतीतली धान्याची पोकळ कोठी, मोकळं करताना पत्र्याच्या डबीत एक कागद सापडला. मजकूर उर्दूत. गावातल्या उर्दू शाळेच्या सरांनी साल वाचून दिलं: १३२७. इतिहासात हुशार असलेला पोरगा जागेवरून उडी मारतो. १३२७ म्हणजे महंमद तुघलकानं राजधानी दिल्लीहून देवगिरीला हलवली ते साल! म्हणजे हा शाही फर्मानाचा कागद, म्हणजे खजिना! पुढची तीन प्रकरणं पोरं दौलताबादच्या वाटेवर.

बरोबरची मुलगी मात्र डबीकडं बघत बसलेली असते. चौदाव्या शतकात पत्र्याची डबी? आणि कागदावर वरची ओळ छापलेली, हातानं लिहिलेली नाही. छापखाना कुठून आला? मग कुणीतरी जाणतं माणूस सांगतं की मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि त्याच्या कचेऱ्यांत फसली सन, म्हणजे शेतसाऱ्याच्या हिशेबाचं वर्ष, चालायचा. हैदराबाद संस्थानचा जमीन महसुलाचा कायदासुद्धा '१३१७ फसली'चाच म्हणून ओळखला जातो. हे वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं. ऑक्टोबर ते डिसेंबरमधली तारीख असेल तर फसलीत ५९० मिळवायचे, नंतरची असेल तर ५९१. म्हणजे १३२७ फसली हे १९१७ च्या ऑक्टोबरपासून १९१८ च्या ऑक्टोबरपर्यंतचं वर्ष. तुघलक गेला सहाशे वर्षं मागं, आणि कथा येऊन पडली इन्फ्लुएंझाच्या साथीत, जुनी माणसं जिला मानमोडी म्हणायची. खजिन्याच्या जागी आता प्रश्न उभा राहतो की साथीत अख्खं घर झोपलेलं असताना हा कागद बळदात कुणी टाकला. खजिन्यापेक्षा हा प्रश्न किती तरी चांगला.

यात भर म्हणून शके आहेच, त्यात ७८ मिळवले की साधारण इसवी सन येतो. मोडीतले कागद आहेत. आणि उर्दू आकड्यांची एक गंमत आहे: त्यातला सात हा खाली टोक असलेल्या पाचरीसारखा दिसतो आणि आठ म्हणजे तीच पाचर उलटी. दगडावर कोरलेला एकच आकडा, आणि वाडा दुरुस्त करताना गवंड्यानं तो दगड उलटा बसवलेला. सातव्या खणात ठेवलेली वस्तू पोरं आठव्यात शोधत बसतील.

मागं गेल्यावर माणूस त्याच जागी उतरतो ना?

लेखकानं तसं ठरवलं असेल तर हो, आणि आपल्या भागात त्यातून विलक्षण गोष्टी होतात. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ ची, उद्घाटन १९७६ चं. त्याच्या तलावाखाली, नाथसागराखाली, गावं गेली. आज होडीत बसून तलावाच्या मध्यावर असलेली मुलगी १९६० मध्ये गेली तर ती कुणाच्या तरी अंगणात उतरेल, कपडे ओले आणि आजूबाजूला सगळं कोरडं. परतताना कुठं उभं राहायचं हे चुकलं तर मात्र धडगत नाही.

भूकंपानंतर उठवून दुसरीकडं वसवलेल्या गावांचंही तसंच. आजच्या घरातून मागं गेलेला मुलगा ज्वारीच्या रानात उभा राहील, कारण त्याचं गाव तेव्हा तिथं नव्हतंच. जुनं गाव गाठायला त्याला चालत जावं लागेल.

किल्लारीच्या भूकंपावर अशी कादंबरी लिहावी का? नायकानं आधी जाऊन लोकांना सावध केलं तर?

३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या जरा आधी. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक दमून झोपलेले. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, त्यानं घात केला. सुमारे दहा हजार माणसं गेली. त्यांची मुलं-भावंडं आज आपल्यात आहेत, काही तर हे वाचणाऱ्या मुलांचे आई-वडील आहेत.

लिहावं, पण दोन गोष्टी करू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. भूकंपाला शेवटाच्या धमाक्यासारखं वापरू नये. आणि नायकानं सगळ्यांना वाचवलं असं दाखवू नये, कारण ज्यांचं कुणी वाचलं नाही त्यांना ते वाचताना काय वाटेल? उलट, तो आदल्या रात्री गावात पोचला, मिरवणुकीतल्या चार जणांना सांगितलं आणि कुणी ऐकलं नाही, हे जास्त खरं आहे. कोण ऐकणार? परगावच्या एका पोरानं रात्री दहाला येऊन "माळवदाखाली झोपू नका" म्हटलं तर तुम्ही तरी अंथरूण अंगणात टाकाल का?

रझाकारांचा काळ किशोरांच्या पुस्तकात असावा का?

असावा. रझाकार म्हणजे निजामाच्या बाजूची सशस्त्र संघटना. आपल्या आजी-आजोबांच्या तोंडून तो काळ ऐकलेला असतो आणि पाठ्यपुस्तकात दोन परिच्छेदांत उरकलेला असतो. पण आधी साधे तपशील नीट हवेत. १५ ऑगस्ट १९४७ ला इकडं स्वातंत्र्य आलं नव्हतं, हैदराबाद संस्थान भारतात आलं ते १७ सप्टेंबर १९४८ ला. नायिका १९४७ च्या ऑगस्टात मराठवाड्यातल्या गावात उतरली आणि तिनं चौकात उघडपणे तिरंगा दाखवला, तर ती संकटात सापडणार. नाणीही वेगळी: संस्थानचा हाली रुपया आणि बाहेरचा कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार असा भाव. दुकानदारानं कलदार बघितला की पाहुणा सरहद्दीपलीकडून आलाय हे त्याला कळणार. नाण्यावरून माणूस ओळखला जाण्याचा असा प्रसंग कथेत फुकट मिळतोय.

आणि एका धर्माची सगळी माणसं खलनायक, असं लिहिणारं पुस्तक मी मुलांच्या हातात देत नाही. संस्थानानं भारतात सामील व्हावं असं छापणारे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनीच खून केला. हा एवढा एक तपशील कादंबरीत आला तरी वाचणारं पोर विचार करू लागतं.

नायिका मुलगी असेल तर जुन्या काळात ती फिरणार कशी?

मोकळेपणानं फिरणार नाही, आणि लेखकानं तिला तसं फिरवूही नये. ऐंशी वर्षांपूर्वीच्या गावात अनोळखी मुलगी पारावर जाऊन चौकशा करू लागली तर गोष्ट तिथंच संपेल. पण तिला जिथं जाता येतं तिथं मुलाला जाता येत नाही: माजघर, आड, न्हाणी, पहाटेचं जातं. बायका दळताना ओव्या गायच्या आणि त्यांत माहेरच्या गावाची, भावाची, नदीची नावं गुंफायच्या. बाहेर कुणाला सांगता न येणारी गोष्ट एखादी सासुरवाशीण ओवीत घालून ठेवू शकते. तीच ओवी आज आजी सवयीनं गुणगुणते, अर्थ न लावता. चोरीचा पत्ता गाण्यात, गाणं घरातच, आणि पोलिसांच्या कागदांत त्याचा मागमूस नाही. पुरावा टिकून येतो म्हणालो होतो ना, तो असाही येतो.

मोबाईल बरोबर नेला तर?

चालेल. रेंज नसेल, नकाशा कोरा दिसेल, कारण १९५७ च्या आधी माणसानं सोडलेला एकही उपग्रह आकाशात नव्हता. टॉर्च आणि कॅमेरा चालतील. पण काढलेल्या फोटोवर तारीख आजचीच पडणार, म्हणजे पुरावा म्हणून शून्य. आणि चार्जर लावायला वाड्यात वीज कुठं आहे? कंटाळवाणे लेखक पहिल्याच पानात फोन विहिरीत पाडतात. फोन असूनही उपयोग नाही, हे दाखवणं जास्त अवघड आणि जास्त मजेचं.

जुन्या काळातल्या माणसांनी कसं बोलावं? आणि आत्ताच्या मुलांनी?

आत्ताच्या मुलांनी घरी बोलतात तसं. लातूरची पोरं एकमेकांना "काय करायलास?" असंच विचारणार, "तू काय करत आहेस?" असं पुस्तकी नाही. जुन्या काळासाठी दर वाक्यात "जी महाराज" नको. शंभर वर्षांपूर्वीची माणसं आपल्याला सहज कळतील, फक्त कचेरीतले उर्दू शब्द जास्त असतील. यादवकाळात मात्र गाडी अडेल. त्या काळची माणसं काय खायची, कुठं उतरायची, कशावरून भांडायची हे हवं असेल तर 'लीळाचरित्रा'ला पर्याय नाही. त्यातली मराठी आठवीच्या मुलाला अर्धीच कळते, आणि कथेत नेमकं तेच हवं: नायकालाही अर्धंच कळलं पाहिजे. चुकीचा कळलेला एक शब्द आख्खं प्रकरण चालवतो.

किती वयापासून वाचायला द्यावीत?

अकरा-बारापासून. त्याआधी दोन काळांचा हिशेब ठेवताना मुलं कंटाळतात.

अभ्यासाचं नुकसान होईल का? इतिहास चुकीचा डोक्यात बसेल का?

पहिल्याचं उत्तर, दहावीच्या मार्चमध्ये देऊ नका, बाकी होऊ दे थोडं. दुसरी भीती मात्र रास्त आहे. काल्पनिक राणी, काल्पनिक लढाई खरी वाटून राहते. त्यासाठी पुस्तक काढून घेऊ नका. "यातलं खरं काय नि रचलेलं काय, शोधून दाखव" असं म्हणा. या वाचकांना शोधायची हौस असतेच.

मला स्वतःला लिहायची आहे. सुरुवात कुठून करू?

यंत्रापासून नको. आपल्या गावातली, घरातली एक अशी वस्तू घे जिचं उत्तर कुणाकडं नाही. बुजवलेली खिडकी, देवघरातला कुणाचा ते माहीत नसलेला टाक, जमिनीच्या जुन्या खासरा पत्रकात नाव आहे पण घरात ज्याचा फोटो नाही असा माणूस. आजीला विचार, शेजारच्या आजोबांना विचार. दोघांची उत्तरं जुळली नाहीत की तुझं कथानक सुरू झालं.

मग वहीच्या पानावर मधोमध रेघ मार. डावीकडं तेव्हा काय घडलं ते घडलं त्या क्रमानं लिही, उजवीकडं नायकाला ते कोणत्या क्रमानं कळतं ते लिही. दोन्ही क्रम सारखे आले तर रहस्य नाही. उजवीकडच्या प्रत्येक ओळीपुढं लिही की हे कशावरून कळलं. "मागं जाऊन बघितलं" हे उत्तर फार वेळा येत असेल तर पान फाड.

वर्गात ही पुस्तकं कशी घ्यावीत?

मोठ्यानं वाचून, रोज थोडं. शेवटची चार प्रकरणं उरली की थांबा. प्रत्येकानं चिठ्ठीवर गुन्हेगाराचं नाव आणि ते कोणत्या पुराव्यावरून म्हणतोय हे लिहायचं. पुराव्याविना नाव लिहिलेली चिठ्ठी बाद. चिठ्ठ्या कपाटात, किल्ली मॉनिटरकडं नाही तर शिपाईमामांकडं, कारण मॉनिटर फुटतो. बाकीची चार प्रकरणं शनिवारच्या सकाळच्या शाळेत वाचा, त्या दिवशी हजेरी पूर्ण असते.